खेळातलं खेळातच

"हॅलो! हो सर. हो, हो सर. नाही, ताईंना अजून काही सांगितलं नाही."

ईश्वरी रिकामी काडेपेटी कानाला लावून बालवाडीच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. डावा हात कमरेवर, गळ्यात ओढणीसारखा घेतलेला नॅपकिन, तो सारखा खांद्यावरून मागे टाकायचा आणि मधेच थांबून खिडकीबाहेर बघायचं. वय वर्षं चार, पण चाल हुबेहूब आईची. तिची आई उज्ज्वला माझ्याबरोबर त्याच बालवाडीत शिकवायची. त्या वेळी ती बाकीच्या पोरांचे हात धुवायला मागच्या नळावर गेली होती.

फोन-फोन हा आमचा जुना खेळ. दोन काडेपेट्या घ्यायच्या, मधे शिलाईचा दोरा ओवायचा, झाला फोन. एकानं या कोपऱ्यात बोलायचं, दुसऱ्यानं त्या कोपऱ्यात ऐकायचं. ईश्वरीनं मात्र आपला दोरा तोडून टाकला होता. का तोडलास म्हणून विचारलं तर म्हणाली, "आईच्या नव्या फोनला दोरी असती व्हय?" यावर मी काय बोलणार!

समोरच्या कोपऱ्यात शार्दूल नावाचा एक गुबगुबीत मुलगा आपली काडेपेटी हुंगत बसला होता. ईश्वरीनं त्याला दटावलं.

"तू सर हाईस न्हवं? मग बोल की!"

"काय बोलू?"

"म्हण, बरं बरं मॅडम."

"बरं बरं मॅडम."

"हां. ऐका सर, आया सगळ्या तयार आहेत. ऐनवेळीच सांगायचं. ताई काही म्हणायच्या नाहीत, भोळ्या आहेत त्या. ठेवते हं."

काडेपेटी नॅपकिनात खोचून ती भातुकलीकडे वळली आणि खोटा भात ढवळायला लागली. मी फरशीवर बसून चिंचोके निवडत होते. माझे हात थांबले. आणि खोटं कशाला सांगू, मला मनातून गुदगुल्या झाल्या.

ही गोष्ट विट्याची, बऱ्याच वर्षांपूर्वीची. गावात मोबाइल नुकते आले होते आणि ज्याच्याकडे असे तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून बोलत असे. महिला मंडळाच्या खोलीत मी बालवाडी चालवत होते. येत्या जूनमध्ये तिला पंधरा वर्षं पुरी होणार होती. मूलबाळ मला नाही. सुरुवातीला लोक त्यावरून माझी कीव करायचे, पुढे बालवाडी बघून गप्प बसले. सकाळी दार उघडलं की उंबऱ्याशी चिमुकल्या चपलांचा ढीग पडायचा, आणि मग दुपारपर्यंत मला घरची आठवणसुद्धा यायची नाही. ती खोली चालू राहावी, जून आला की नवी पोरं रडत यावीत आणि हसत रमावीत, एवढंच मला हवं होतं. त्यापलीकडे देवाकडे मी काही मागितलं नव्हतं.

विकतचं खेळणं आमच्याकडे औषधालाही नव्हतं. चिंचोके, बाटल्यांची बुचं, कपड्यांचे चिमटे, जुने मोजे, रद्दी. खडूनं फरशीवर दोन रेघा ओढल्या की आगगाडीचे रूळ तयार. एका बादलीतलं पाणी स्पंजानं शोषून दुसऱ्या बादलीत पिळायचं, एवढ्या उद्योगावर पोरं तासभर गुंगायची. "पोराला खेळणं लागत नाही, खेळ लागतो," हे माझं ठेवणीतलं वाक्य. आया ते माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणून हसायच्या, हे मला ठाऊक होतं.

उज्ज्वला शिंत्रे माझ्याकडे आली ती लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. सासूबाई तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हत्या. मी त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन पिऊन त्यांना वळवलं. पोरीला काही येत नव्हतं, पण डोकं असं तल्लख, की मी चिमट्यांचं कुंपण करावं तर ही त्यात चिंचोक्यांच्या मेंढ्या कोंडायची. दोन वर्षांत माझ्या पुढे गेली. ईश्वरी पोटात असताना मी तिला खुर्चीवरून उठू दिलं नाही, आणि ईश्वरी झाली तेव्हा बाळंतविडाही माझ्याच घरून गेला. "माझ्यानंतर ही खोली उज्ज्वलाची," असं मी येईल त्याला सांगायची. तिच्यासमोर सांगायची.

आता तुम्ही म्हणाल, पोरीनं एवढं बडबडल्यावर आईला सरळ विचारायचं ना, काय गं, हे काय शिजतंय? तर तसं विचारायची सोय नव्हती. आमच्या बालवाडीचा एक नियम होता आणि तो मीच घातला होता.

झालं होतं असं. एकदा भातुकलीत एका पोरानं आजी होऊन, दाराआड लपून, साखरेच्या डब्यात बोट घालून चाटलं. उज्ज्वलानं गंमत म्हणून ते त्याच्या आईला सांगितलं. आजीबाईंना मधुमेह! घरात महाभारत झालं, आजी रुसून लेकीकडे जाऊन बसल्या, आणि ते पोर पुढे कितीतरी दिवस भातुकलीकडे फिरकलं नाही. तेव्हा मी उज्ज्वलाला समोर बसवून सांगितलं होतं.

"पोरं खेळताना घर बोलतात. ते आपण ऐकलेलंच नाही. खेळातलं खेळातच राहू द्यायचं."

"आणि पोराच्या जिवाचं काही असलं तर, ताई?"

"तर गोष्ट वेगळी. बाकी घराघरांतल्या भानगडी आपल्याला काय करायच्यात? एकदा का पोराला कळलं की आपण चहाड्या सांगतो, की ते आपल्यासमोर खेळायचं बंद होईल. आणि खेळायचं बंद झालेल्या पोराला काही शिकवता येत नाही."

तिनं ते मनावर घेतलं. तेव्हापासून आम्ही दोघींनी बालवाडीत काय काय ऐकलं! कुणाचे बाबा नोकरीवरून आले की रडतात, कुणाची काकू कुणाला चोरून फोन करते. पोटात ठेवलं. गावात आमच्या बालवाडीला मान होता तो काही केवळ चिंचोक्यांमुळे नव्हता.

म्हणून मी उज्ज्वलाला काही विचारलं नाही. आणि विचारायची गरज तरी काय होती? मला सगळं समजलं होतं. ताईंना सांगायचं नाही, आया सगळ्या तयार आहेत, ऐनवेळी कळू दे. आमच्या गावात याचा अर्थ एकच होतो. माझा सत्कार ठरला होता.

परगावच्या माणसाला हे कळायचं नाही. विट्यात माणूस दाढ काढून आला तरी त्याचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि शेवटी चहा. आणि पाहुणे म्हणून हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक सर ठरलेले. गेल्या कितीतरी वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं इतक्या शाली घातल्या होत्या, की त्यांच्यावर एक दुकान चाललं असतं. काडेपेटीच्या फोनवरचे 'सर' तेच, यात मला शंका नव्हती. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या सत्कारांना टाळ्या वाजवत आले होते. माझा कधी कुणी केला नव्हता. मी वरवर म्हणायची, मला नाही बाई असलं आवडत. पण आवडत नाही हे म्हणायला तरी एकदा मिळायला हवं ना!

संध्याकाळी मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे साखर कारखान्यात कामाला होते आणि घरी आले की पेपरात डोकं घालून बसायचे.

"उज्ज्वला माझा सत्कार करतेय. मला कळू न देता."

"मग तुला कसं कळलं?"

"ते नाही सांगता येत. खेळातलं आहे."

ह्यांनी पेपर खाली केला. "सत्काराचं एवढं लपवतात होय? इकडं तर लोक स्वतःच्या सत्काराच्या पत्रिका स्वतः वाटतात."

"तुम्हाला मेलं कशातलं काही कौतुक नाही."

"मला आहे की. भाषण तयार ठेव म्हणजे झालं." पेपर पुन्हा वर गेला.

मी कपाटातून मोरपिशी नऊवारी काढली, मग ती फार वाटली म्हणून ठेवून दिली आणि निळी इरकल काढली. तिला मॅचिंग ब्लाउज शिवायला टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या माळिणीकडून मोगऱ्याचा एक गजरा घेतला आणि बालवाडीत गेल्या गेल्या उज्ज्वलाच्या वेणीत माळला.

ती चपापली. "आज काय विशेष, ताई?"

"काही नाही. उगीच. माझ्या मनात आलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी हसले. तिचे डोळे एकदम भरून आले आणि ती "पोरांचं पाणी भरते" म्हणत आत निघून गेली. मला वाटलं, माया आहे पोरीच्या मनात. गुपित सांगायची घाई झालीय आणि सांगता येत नाही, म्हणून रडू येतंय.

पुढचे दिवस तर प्रत्येक गोष्ट माझ्या अंदाजाला दुजोराच देत होती. उज्ज्वला अधूनमधून लवकर निघायची. ईश्वरीला डॉक्टरकडे न्यायचंय म्हणायची, आणि ईश्वरी तर टुणटुणीत. दारात घोळक्यानं बोलणाऱ्या आया मला बघून गप्प व्हायच्या. एकीनं तर माझा हात हातात घेतला आणि "ताई, तुमच्यासारख्या तुम्हीच," म्हणून पटकन सोडला. वर्गणी काढतायत वाटतं, असं म्हणून मी मान दुसरीकडे वळवायची.

आणि पोरं! पोरांनी त्या दिवसांत एक नवाच खेळ काढला होता. रद्दीच्या पट्ट्या फाडायच्या, त्या शर्टाच्या कॉलरमध्ये खोचायच्या आणि रांगेत उभं राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायचं. रांगेत न येणाऱ्याला शार्दूल बाजूला काढायचा, "तू बालवाडीचा हाईस, तू तिकडं बस." मी त्यांना आणखी रद्दी पुरवली. कुणाचा टाय फाटला तर चिमटा लावून दिला. पोरांची कल्पनाशक्ती कुठल्या कुठे धावते बघ, असं मी उज्ज्वलाला कौतुकानं म्हणाले. ती चिंचोके मोजत होती. तिचं मोजणं चुकलं आणि ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी आमचा खेळमेळा असे. वर्षातून एकदा आई-बापांनी बालवाडीत यायचं आणि पोरांनी त्यांना खेळायला शिकवायचं. त्या वर्षी झाडून सगळे आले. एरवी बाप मंडळी दारातूनच मोटरसायकलचा हॉर्न वाजवतात, पण त्या दिवशी तेही आत येऊन मांडी घालून बसले. मी निळी इरकल नेसले होते. ह्यांनाही ओढून आणलं होतं. ते दाराशी उभे होते.

मेळा रंगला. डोळे बांधून पिशवीत हात घालायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं, या खेळात एका हवालदाराच्या हाताला ओला स्पंज लागला. तो असा किंचाळला, की पोरं हसून हसून लोळली. शार्दूलच्या आईनं चिमटे लावायच्या शर्यतीत पदरालाच चिमटे लावून घेतले. मी टाळ्या वाजवत होते, खडूच्या रुळांवरून बापांना आगगाडी करून पळवत होते, आणि एक डोळा दाराकडे ठेवून होते. सर अजून कसे आले नाहीत?

मग मंडळाच्या अध्यक्ष मोहितेकाकू आल्या. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून शालीची झालर दिसत होती. मी पदर सारखा केला. काकूंच्या मागे एक गृहस्थ आले, मुख्याध्यापक सर नव्हेत. टाय लावलेले, गोरे, तरणेसे. उज्ज्वलानं पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली. "या सर," म्हणाली.

मला खुर्चीवर बसवलं. काकूंनी शाल घातली, नारळ हातात दिला, कुंकू लावलं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून, लाजून, "अहो हे कशाला" एवढं म्हणून घेतलं. मग काकू माइकसमोर उभ्या राहिल्या.

"वैजयंती चौगुले म्हणजे आमच्या मंडळाचं भूषण," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं तिनं पोटच्या पोरांसारखी ही पोरं सांभाळली. पण शरीर म्हणजे शेवटी शरीर. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, फरशीवर उठबस होत नाही, असं उज्ज्वलानं आम्हाला सांगितलं तेव्हा वाईट वाटलं. वैजयंती स्वतः कधी बोलायची नाही, स्वभावच तसा. पण तिनं आता विश्रांती घ्यायची ठरवलंय, तर आपण तिला हसतमुखानं निरोप दिला पाहिजे. जूनपासून या खोलीत मंडळ शिवणवर्ग सुरू करतंय."

मला वाटलं, काकूंचं काहीतरी चुकतंय. मी उज्ज्वलाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती उठली आणि तिनं माइक घेतला.

"ताईंनी मला हाताला धरून इथं आणलं," ती म्हणाली. वाक्यं पाठ केलेली होती. "मुलांची काळजी करू नका, असं ताईंच्या वतीनं मी सांगते. कॉलेज रोडच्या नव्या इंग्रजी शाळेत या सरांनी नर्सरीची जबाबदारी माझ्यावर दिली आहे. आपली सगळी मुलं तिथं आलीच आहेत. ताईंचे खेळ तिथंही चालू राहतील."

आपली सगळी मुलं तिथं आलीच आहेत. म्हणजे नावं घालून झाली होती. मी समोर बघितलं. आया खाली बघत होत्या, कुणी पोराचे केस सारखे करत होती, कुणी उगीच पर्समध्ये काही शोधत होती. एकीलाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

माझ्या अंगावरची शाल एकाएकी इतकी जड झाली, की ती काढून भिरकावून द्यावी असं वाटलं. उज्ज्वलाच्या झिंज्या धराव्या असंही वाटलं, उगीच सोवळं कशाला दाखवू. ज्या पोरीचं बाळंतपण केलं तिनं माझ्या गुडघ्यांचं निमित्त करून मला खुर्चीवर बसवून, हातात नारळ देऊन, बाहेर काढलं होतं. भांडून काढलं असतं तर मी भांडले असते. शाल घालून काढलेल्या माणसानं काय करायचं?

"ताई, दोन शब्द बोला," कुणीतरी म्हणालं, आणि माइक माझ्या हातात आला.

आमच्या बालवाडीत एक पद्धत होती. कुणी कुणाला चावलं, कुणी पाणी सांडलं, की मी ओरडायची नाही. सगळ्यांना डोळे मिटायला सांगायची आणि म्हणायची, ज्यानं केलं त्यानं हात वर. हात फक्त मला दिसायचे. मी कुणाचं नाव घ्यायची नाही, रागवायची नाही; 'हात खाली, डोळे उघडा' म्हणायचं आणि पुढच्या खेळाला लागायचं. त्यामुळे पोरांना खोटं बोलावं लागत नसे.

"भाषण काही मला येत नाही," मी माइकवर म्हणाले. "एक खेळ घेते. शेवटचा. सगळ्यांनी डोळे मिटा. मोठ्यांनीसुद्धा."

पोरांनी लगेच डोळे घट्ट मिटले. काहींनी वर तळहातही लावले. आया थोडं हसल्या, एकमेकींकडे बघितलं, मग एकेक करून डोळे मिटले. हवालदारानंही मिटले.

"माझी बालवाडी जूनपासून बंद होणार, हे ज्याला ज्याला आजच्या आधी माहीत होतं, त्यानं हात वर करायचा."

पहिला हात वर गेला तो ईश्वरीचा, ताठ, कानाला चिकटवून. मग शार्दूलचा. मग एका क्षणात सगळ्या पोरांचे. लहान लहान हात, काहींच्या बोटांना अजून खडू लागलेला. मग एका आईचा अर्धवट, कोपरापासून. मग तिच्या शेजारणीचा. मग बापांचे. मोहितेकाकूंचा हात वर गेला आणि तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, की मला समजलं, यांनाही फसवलंय. सगळी खोली हात वर करून बसली होती. दाराशी आमचे हे तेवढे दोन्ही हात मांडीला चिकटवून, डोळे मिटून उभे होते.

तेव्हा मला एकेक गोष्ट उमगत गेली. रद्दीचे टाय. गुड मॉर्निंग मॅडम. तू बालवाडीचा, तू तिकडं बस. अख्ख्या गावात माझ्याशी खरं बोलली होती ती फक्त पोरं. रोज, माझ्या डोळ्यांसमोर, घसा फोडून सांगत होती. आणि मी त्यांना रद्दी पुरवत होते.

उज्ज्वलानं डोळे मिटले नव्हते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा हात माइकच्या वायरशी चाळा करत होता.

"हात खाली. डोळे उघडा," मी म्हणाले. "आलात, बरं वाटलं. लिमलेटच्या गोळ्या घेतल्याशिवाय पोरांना नेऊ नका."

माणसं गडबडीनं पांगली. कुणी पाया पडलं, कुणी तोंड चुकवलं. मोहितेकाकूंनी माझा दंड धरला.

"वैजयंती, तू हे ठरवलं नव्हतंस? अगं मग बोलली का नाहीस? मी आत्ताच्या आत्ता शिवणवर्ग रद्द करते. खोली तुझीच आहे."

"खोली घेऊन काय करू, काकू? आत बसवू कुणाला?"

काकूंनी माझा दंड सोडला. मग त्या टायवाल्या गृहस्थांकडे न बघता निघून गेल्या. हे बाहेर स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना माहीत होतं, मला आत थोडा वेळ लागणार.

खोलीत मी आणि उज्ज्वला उरलो. ईश्वरी कोपऱ्यात बुचं रचत बसली होती. उज्ज्वलानं बादल्या उपड्या केल्या, स्पंज पिळून ठेवला. सवयीनं. मग म्हणाली, "बोला ना काहीतरी, ताई. शिव्या द्या हवं तर."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता. आणि तुम्ही रडला असता तर मी गेलेच नसते." तिनं नाक पुसलं. "मला जायचं होतं, ताई. घरात कुणी मला मॅडम म्हणत नाही, इथं कुणी म्हणत नाही. तिथं म्हणतात."

"जायचं तर जायचं. मी अडवलं असतं? पोरं का नेलीस? माझे गुडघे का मधे घातलेस?"

"पोरं घेऊन या, तरच पद देतो म्हणाले. मग मंडळाला काहीतरी सांगायला नको का?" ती ईश्वरीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी हिनं घरी येऊन सांगितलं मला. 'आई, मी ताईंपुढं तुझा फोन केला.' माझं काळीजच हललं. रात्रभर जागी होते. म्हटलं, उद्या ताई मला उभी जाळणार. सकाळी तशीच आले, तर तुम्ही गजरा माळलात."

मी फरशीवरचे चिंचोके वेचायला लागले.

"दिवसभर वाट बघितली, तुम्ही आता विचाराल, मग विचाराल. तुम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग माझ्या लक्षात आलं, तुम्ही विचारणारच नाही. खेळातलं खेळातच. तुम्ही तुमचा शब्द मोडायच्या नाहीत, एवढं मला तुमच्याविषयी नक्की माहीत होतं. त्याच्यावरच मी पुढचं सगळं केलं." ती थांबली. "मला वाटलं, ताईंना सगळं कळलंय आणि त्यांनी मोठ्या मनानं पदरात घेतलंय. म्हणून तर गजरा आणला."

एवढं ऐकल्यावर मला हसू आलं. कसं आलं, का आलं, आजही सांगता येणार नाही; डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. ईश्वरीनं बुचं रचायची थांबवून माझ्याकडे बघितलं.

"नाही गं बाई," मी म्हणाले. "मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मला वाटलं, तू माझा सत्कार करणार आहेस."

उज्ज्वला माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, असती तर बरं झालं असतं.

"केला की, ताई," ती म्हणाली. आणि खुर्चीवर राहिलेली शाल उचलून तिनं नीट चौघडी केली, ती माझ्या हातात दिली आणि ईश्वरीला कडेवर घेऊन बाहेर पडली.